रेडिओ मधेच तुटतो, तेव्हा कुठे बघायचं?

मी खोडाळ्याहून बोलतेय, मोखाडा तालुक्यातून. आजचं बोलणं रेडिओबद्दलच आहे. इंटरनेटवरून येणारा रेडिओ मधेच थांबतो, दोन शब्द बोलतो, परत गप्प बसतो, आणि नेमकं जे ऐकायचं तेच निघून जातं. तेव्हा काय करायचं, ते आज पाहू.

आमच्याकडे काय झालं ते आधी सांगते. आमच्या बचत गटातल्या एका मावशींनी नागलीच्या बियाण्यावर बोलणं दिलं होतं. शेतातली चांगली कणसं आधीच कशी निवडायची, कशी सुकवायची, राख लावून बी कसं ठेवायचं, असं सगळं. मी ते फोनवर रेकॉर्ड करून केंद्राला पाठवलं. गुरुवारी सकाळी अकराला लागणार होतं. त्या दिवशी वहिनींच्या पडवीत सतरा बाया जमल्या. मावशी नवं लुगडं नेसून आल्या होत्या. स्वतःचा आवाज रेडिओवर ऐकायची त्यांची पहिलीच वेळ.

निवेदिकेने त्यांचं नाव घेतलं, गाव सांगितलं. मावशी बोलायला लागल्या, "आमची नागली..." आणि आवाज गेला. वीस सेकंदांनी परत आला, अर्ध्या वाक्यावर गेला. असं दहा मिनिटं चाललं. मावशी काही बोलल्या नाहीत. उठताना एवढंच म्हणाल्या, "माझं बोलणं त्यांनी कापलं असंल. आपल्याला कुठं नीट बोलता येतं."

मला ते फार लागलं. कारण त्यांचं बोलणं कुणी कापलं नव्हतं. आवाज वाटेत सांडला होता. कुठे सांडला, एवढंच शोधायचं होतं.

गटाच्या बैठकीत विषय निघाला. कुणी म्हणालं, डबा बिघडलाय, नवा घेऊ. नव्या डब्याचे साडेचार हजार. गटाच्या पेटीतून एवढे पैसे काढायचे म्हणजे कुणाच्या तरी खताचं, कुणाच्या औषधाचं कर्ज मागे पडणार. मी म्हटलं, आठ दिवस द्या, आधी तपासू. मी काही इंजिनिअर नाही. नाशिकला फोन दुरुस्तीच्या दुकानात दोन वर्षं काम केलंय, तेवढंच. पण हे तपासायला तेवढंही लागत नाही. घरातलं पाणी कुठे गळतंय ते जिला शोधता येतं, तिला हेही येतं.

आधी सांगते, आपल्याला इंटरनेटचा रेडिओ लागतोच कशाला. साधा एफएम का नाही? सामुदायिक रेडिओचं प्रक्षेपण मुद्दामच लहान ठेवलेलं असतं, साधारण १०० वॅटपर्यंत. सपाट मुलखात ते दहा-पंधरा किलोमीटर जातं. आपल्याकडे मधे डोंगर. सूर्यमाळचा डोंगर काही एफएमला वाट देत नाही. एफएमची लहर प्रकाशासारखी बरीचशी सरळ जाते, डोंगराआड सावली पडते तशी तिचीही सावली पडते.

हा लहान रेडिओ आपल्यासारख्यांच्या हाती आला त्यालाही फार वर्षं झाली नाहीत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पुढे २००६ साली सरकारने धोरण बदललं आणि सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी दिली. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग हे केंद्र २००८ साली सुरू झालं. पण म्हसवडचा एफएम म्हसवडच्या आसपासच ऐकू येणार. दूरच्या बाईला ऐकायचं असेल, तर केंद्राने आवाज इंटरनेटवर सोडायला हवा आणि तिच्या घरी तो झेलणारं काहीतरी हवं.

झेलणारं म्हणजे काय? फोन असू शकतो. आमच्याकडे वहिनींच्या भाच्याने दिलेला एक जुना डबा आहे. त्याला नेटवर्क स्ट्रीमर म्हणतात. हातात मावेल एवढा. तो वायफायवरून रेडिओ घेतो आणि जुन्या टेपच्या स्पीकरला जोडला की पडवीभर ऐकू येतो. फोनवर सतरा जणींना ऐकू येत नाही, आणि फोन आला की रेडिओ थांबतो. म्हणून डबा बरा.

आता आवाज येतो कसा ते बघा. एफएमचं केंद्र एकदाच बोलतं, लहर सगळीकडे पसरते, ऐकणारे दहा असोत की दहा हजार. इंटरनेटवर तसं नाही. तिथे प्रत्येक ऐकणारीला आवाजाची वेगळी प्रत पाठवली जाते. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतात, आणि ते एकामागून एक तुमच्या घराकडे निघतात. वाटेत पाच ठिकाणं लागतात. पहिलं केंद्र. दुसरं मोठं इंटरनेट. तिसरं आपल्या गावापर्यंत येणारी फायबरची तार किंवा मोबाईलचा टॉवर. चौथं घरातला राउटर, म्हणजे वायफायचा डबा. पाचवं आपला रेडिओचा डबा. या पाचांपैकी कुठेही खोळंबा झाला की पडवीतला आवाज तुटतो. ऐकणारीला मात्र वाटतं, समोरचा डबाच बिघडला.

तुकडे काही घड्याळ लावून येत नाहीत. कधी भराभर, कधी थांबून थांबून. म्हणून रेडिओचा डबा आल्याआल्या आवाज वाजवत नाही. आधी थोडा साठवतो, मग वाजवतो. या साठ्याला बफर म्हणतात. आपण त्याला रांजण म्हणू.

रांजण आपल्याला वेगळा समजवायला नको. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि चैत्र-वैशाखात आपल्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. टँकर उशिरा आला, तरी रांजणात पाणी असेपर्यंत घरात कुणाला कळत नाही. रांजण रिकामा झाला की कळतं. रेडिओचंही तसंच. काही सेकंद तुकडे आले नाहीत, तर रांजणातलं वाजत राहतं. रांजण आटला की शांतता. मग डबा परत थोडा साठा करतो आणि सुरू होतो. त्यामुळे आवाज एकदम कायमचा न जाता थांबतो-चालतो, थांबतो-चालतो.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. चालू कार्यक्रमाचा रांजण आधीपासून भरून ठेवता येत नाही. निवेदिका जेवढं बोलली तेवढंच येणार. पुढचं ती अजून बोललीच नाही. म्हणून चालू रेडिओ ऐकताना रांजण लहानच राहतो. कार्यक्रमाची रेकॉर्डिंग मिळाली, तर ती पूर्ण उतरवून घेता येते आणि मग ती तुटत नाही. ज्यांच्याकडे नेट फारच अशक्त आहे, त्यांनी केंद्राला रेकॉर्डिंग मागावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

साठ्यामुळे आणखी एक गंमत होते. इंटरनेटचा रेडिओ एफएमपेक्षा काही सेकंद मागे असतो, कधी अर्धा मिनिटही. शेजारच्या दोन घरांत एकच कार्यक्रम लागला तर मागेपुढे ऐकू येतो. तो बिघाड समजू नका.

आता डेटाचं. पुष्कळ जणींना वाटतं रेडिओ डेटा खातो, म्हणून तुटतो. हिशेब करू. बहुतेक केंद्रांचा आवाज सेकंदाला ३२ ते १२८ किलोबिट असा येतो. १२८ वाल्याला तासाला साधारण ५८ एमबी लागतात, ६४ वाल्याला २९, ३२ वाल्याला १४ ते १५. व्हिडिओला चांगल्या चित्रासाठी तासाला एक जीबीहून जास्त लागतो. म्हणजे रेडिओ फार थोडं खातो. त्याला खूप नको, सतत हवं. बारीक पण अखंड धार.

पण मोबाईलच्या रिचार्जवर ऐकणाऱ्यांनी हे बघा. बऱ्याच रिचार्जमध्ये रोजचा डेटा संपला की नेट पूर्ण बंद होत नाही, वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप जातो, त्यामुळे नेट चालू आहे असं वाटतं. पण १२८ चं केंद्र त्यातून यायचं म्हणजे बाटलीच्या तोंडातून पूर आणायचा. ते तुटणारच. संध्याकाळी रेडिओ तुटतो आणि सकाळी चांगला चालतो असं असेल, तर आधी बघा की दुपारी मुलांनी व्हिडिओ पाहून दिवसाचा डेटा संपवला का. केंद्राची कमी किलोबिटवाली वाट असेल तर ती निवडा. बोलण्याला ३२ किलोबिटही पुरतात. भजन-गाण्याला थोडे जास्त बरे.

आता तपासणी. नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं. आपण घाई करतो. राउटर बंद-चालू करतो, डबा हलवतो, केंद्र बदलतो, तिन्ही एकदम. मग चाललं तरी कशामुळे चाललं ते कळत नाही, आणि परत बिघडलं की पुन्हा अंधार. वहीत चार रकाने पुरतात: तारीख, वेळ, कुठलं केंद्र, काय झालं.

पहिली तपासणी: दुसरं केंद्र लावा. आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर अ‍ॅपवर दोनशेहून जास्त वाहिन्या आहेत. डब्यावरही आकाशवाणीचं एखादं केंद्र सापडतं. ते अर्धा तास लावून ठेवा. ते न तुटता चाललं आणि आपलंच केंद्र तुटत असेल, तर घरात काही करू नका. खोट केंद्राकडे किंवा त्याच्या वाटेवर आहे. केंद्राला फोन करून वेळेसकट सांगा. दोन्ही तुटत असतील, तर पुढे जा.

दुसरी तपासणी: फोन घ्या, त्यातला मोबाईल डेटा बंद करा, फक्त घरचं वायफाय चालू ठेवा. डेटा बंद करायला विसरू नका, नाहीतर फोन गुपचूप टॉवरवरून घेईल आणि आपली फसगत होईल. आता फोन रेडिओच्या डब्याशेजारी ठेवून तेच केंद्र लावा. मग तोच फोन राउटरशेजारी नेऊन लावा. दोन्ही ठिकाणी चालला, तर डब्याकडे संशय जातो. राउटरजवळ चालला आणि डब्याजवळ तुटला, तर मधल्या वाटेत काहीतरी आडवं आहे. दोन्हीकडे तुटला, तर घरात येणारं नेटच अशक्त आहे.

तिसरी तपासणी: डबा उचलून राउटरशेजारी नेऊन लावा, किंवा राउटरपासून डब्यापर्यंत नेटची तार जोडा. तिथे नीट चालला तर डबा चांगला आहे. पैसे वाचले.

चौथी तपासणी: फोनचा हॉटस्पॉट लावा आणि डबा त्यावर जोडा. त्यावर चालला आणि घरच्या नेटवर, राउटरशेजारीसुद्धा तुटला, तर तक्रार नेटवाल्याकडे करायची. पण आधी राउटर एकदा अर्धा मिनिट बंद करून चालू करा. कधी कधी तेवढ्यानेच सुटतं.

आमच्याकडे काय निघालं? दुसरं केंद्रही तुटलं. फोन डब्याजवळ तुटला. फोन राउटरजवळ मात्र तासभर चालला. म्हणजे खोट राउटर आणि पडवी यांच्या मधे. आता घर कसं आहे ते सांगते. पुढे वहिनींच्या मुलाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, तिथे राउटर. मधे धान्याची खोली. मागे पडवी, तिथे आम्ही बसतो. मी विचारलं, "वहिनी, हे कधीपासून तुटतंय?" त्या म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत तर बरा चालत होता." मी म्हटलं, "मग दिवाळीनंतर घरात नवं काय आलं?" त्या हसायलाच लागल्या. नागली घरात आली तेव्हा मधल्या खोलीत त्यांनी पत्र्याच्या तीन मोठ्या कोठ्या ठेवल्या होत्या. आधी तिथे बांबूची, शेणाने लिंपलेली कणगी होती. उंदरांनी पोखरली म्हणून काढली. कोठ्यांसाठी कर्जही आमच्याच गटाने दिलं होतं!

वायफाय म्हणजे काय, तर राउटरमधून निघणारी रेडिओचीच लहर. कुडाच्या भिंतीतून, लाकडातून, बांबूतून ती बऱ्यापैकी जाते. विटेच्या भिंतीत थोडी अडते, सिमेंटच्या जाड भिंतीत जास्त. पण पत्रा, लोखंडी कपाट, धातूची कोठी यांना आपटून ती मागे फिरते. पाण्यातही ती जिरते, म्हणून भरलेलं पिंप मधे आलं तरी फरक पडतो. कणगीतून येणारा रेडिओ कोठ्यांनी अडवला. डब्याचा काही दोष नव्हता.

मग उपाय कुठले? स्वस्तापासून सुरू करा.

राउटर उंचावर, मोकळ्यावर ठेवा. चोरीच्या भीतीने काही घरांत तो लोखंडी कपाटात ठेवतात. म्हणजे दिवा लावून त्यावर टोपली झाकल्यासारखं. फ्रीजमागे, टीव्हीमागे, पत्र्याच्या छपराला टेकवूनही ठेवू नका. कधी कधी दोन हात सरकवल्यानेही काम होतं.

पुष्कळ राउटर वायफायचे दोन पट्टे देतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. फोनमध्ये दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं असतं. ते मोबाईलचं फाइव्ह जी नव्हे, हा वेगळा पट्टा. ५ वाला वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतो. २.४ वाला हळू, पण लांब जातो आणि भिंतीतून बरा जातो. रेडिओला वेग नको, पोच हवी. म्हणून लांबच्या खोलीतला डबा २.४ वर जोडा. जुन्या डब्यांना तर दुसरा पट्टा दिसतही नाही. आजूबाजूला पाच-सहा राउटर असतील तर २.४ वर गर्दी होते. तेव्हा माहीतगाराकडून राउटरचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो लावून घ्या. हे तीन एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

लहर पोचतच नसेल तर रिपीटर नावाचा छोटा डबा मिळतो. तो लहर झेलून पुढे फेकतो. पण जिथे वायफाय येत नाही तिथे तो लावून उपयोग नाही. त्यालाच काही मिळणार नाही, तर तो पुढे काय देणार? राउटर आणि रेडिओ यांच्या मध्यावर, जिथे फोनला वायफाय नीट मिळतं, तिथे लावा.

सगळ्यात पक्का उपाय नेटच्या तारेचा. ती शंभर मीटरपर्यंत चालते आणि कोठी, भिंत, शेजारचं वायफाय, कशालाच जुमानत नाही. आमच्या डब्याला मागे तारेचं भोक होतं, आम्ही कधी बघितलंच नव्हतं. आम्ही वीस मीटर तार आणली, वाशावरून नेली, आणि उंदरांसाठी प्लास्टिकच्या नळीत घातली. सगळं मिळून चारशेच्या आत झालं. साडेचार हजार पेटीतच राहिले.

आता विजेचं, कारण आपल्याकडे ते सुटत नाही. पावसाळ्यात लाइट जाते-येते. लाइट आली की सगळे डबे एकदम जागे होतात. राउटरला नेट पकडायला दोन-तीन मिनिटं लागतात. रेडिओचा डबा त्याआधी उठतो, वायफाय शोधतो, सापडत नाही, आणि तसाच बसून राहतो. अशा वेळी आधी फायबरचा डबा आणि राउटर नीट चालू होऊ द्या, मग रेडिओचा डबा बंद करून चालू करा. क्रम तेवढा पाळा. व्होल्टेज कमी झालं, की अडॅप्टर अशक्त असलेला राउटर मधेच स्वतः बंद होऊन चालू होतो. राउटरचे दिवे एकदम विझून परत लागताना दिसले तर हेच समजा. अडॅप्टर बदलायचा तर जुन्यावर लिहिलेले व्होल्ट तेच हवेत; अँपिअर तेवढेच किंवा थोडे जास्त चालतील, कमी नको. राउटरसाठी छोटी बॅटरीही मिळते.

राउटरच्या मागे टाचणी जाईल असं बारीक भोक असतं, रिसेट लिहिलेलं. बंद-चालू करणं म्हणजे बटण किंवा पिन काढून लावणं. त्या भोकात टाचणी घालू नका. सगळी सेटिंग पुसली जाते आणि मग नेटवाला येईपर्यंत घरात काहीच चालत नाही.

फायबर असेल तर त्याच्या डब्यावर लॉस लिहिलेला दिवा असतो. तो लाल लागला किंवा लुकलुकला, तर तार कुठेतरी तुटली आहे किंवा निसटली आहे. घाटात दरड आली, रस्त्याला जेसीबी लागला, की असं होतं. आपण करायचं एवढंच, की तक्रार नोंदवायची आणि तिचा क्रमांक वहीत लिहायचा. फायबरची तार काचेची असते, ती करकचून वाकवू नका, खिळ्याला गुंडाळू नका, आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून बघू नका. आणि वीज कडाडायला लागली की राउटरची पिन आणि बाहेरून येणारी तांब्याची तार काढून ठेवा. रेडिओ नंतर ऐकता येईल.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ऐकणाऱ्यांनी फोन खिडकीत, टॉवरच्या बाजूला ठेवावा. बॅटरी वाचवायची सेटिंग बंद करावी, कारण तीच मधे नेट आवळते. आणि लाइट जाऊन काही तास झाले की टॉवरचीही बॅटरी उतरते. तेव्हा फोनला दोष देऊ नये.

रात्री आठ ते दहा सगळेच व्हिडिओ बघतात, त्या वेळी नेटची वाट भरलेली असते. घरात एवढं ठरवून टाका, की गटाचा कार्यक्रम चालू असताना तो अर्धा तास मोठे व्हिडिओ उतरवायचे नाहीत. आणि वायफायचा पासवर्ड आळीभर वाटू नका.

कधी कधी डबा, तार, नेट सगळं ठीक असतं आणि तरी केंद्र लागत नाही. कारण केंद्राने आपला पत्ता बदललेला असतो. हे मोठ्यांच्या बाबतीतही होतं. २०२३ साली बीबीसीने इंटरनेटवर आवाज पाठवायची जुनी पद्धत बंद केली, तेव्हा कितीतरी घरांतल्या जुन्या इंटरनेट रेडिओंवर ती केंद्रं लागेनाशी झाली. डबे धडधाकट होते, पत्ते जुने झाले होते. म्हणून तुटत न राहता केंद्र अजिबातच लागेना, तर केंद्राकडून नवा पत्ता मागा आणि डब्याचं सॉफ्टवेअर नवं करून घ्या.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, हे काम पोरांचं, आपण कशाला हात लावायचा? आमच्याकडेही वहिनींचा मुलगा घरी नसला की डब्याला कुणी हात लावत नसे. म्हणून महिनाभर तो तुटत राहिला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ मंडळं चालवली होती. गावकरी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि मग गावात काय करायचं ते ठरवत. ऐका, बोला, करा, अशी ती रीत. आपला गटही तेच करतो. पण ऐकूच आलं नाही, तर पुढचं बोलणं आणि करणं कुठून येणार? म्हणून डबा चालू ठेवणं हे गटाचंच काम. आम्ही आता पाळी लावली आहे. दर महिन्याला दोघी जणी वही सांभाळतात. ज्यांना लिहिता येत नाही त्या खूण करतात: चालला तर टिकली, तुटला तर फुली. त्या वहीवरूनच आम्हाला कळलं, की बुधवारी संध्याकाळी नेहमी फुल्या का येतात. बुधवारी दुकानात फॉर्म भरणाऱ्यांची गर्दी असते.

तार टाकल्यावर मी केंद्राला फोन केला, काय झालं ते सांगितलं, आणि मावशींचं बोलणं परत लावाल का म्हणून विचारलं. पुढच्या गुरुवारी त्यांनी लावलं. या वेळी मावशी साध्या लुगड्यावर आल्या, मागे भिंतीला टेकून बसल्या. बोलणं अकरा मिनिटांचं होतं. एकदाही तुटलं नाही. संपल्यावर त्या म्हणाल्या, "राख किती घ्यायची ते सांगायचंच राहिलं की." म्हणून पुढच्या महिन्यात त्यांचं आणखी एक बोलणं येणार आहे. त्याआधी तुमच्याकडच्या रेडिओची वाट तपासून ठेवा. काय सापडलं ते केंद्राला जरूर कळवा.